शरीराची जुनी चित्रं, बरण्यांतले नमुने आणि त्यांच्यामागची माणसं

रेषाकार

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात असलेला विषय मांडतोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी कोल्हापुरातच चित्रकला शिकलो आणि नोकरीची बरीच वर्षं इथल्या एका मेडिकल कॉलेजच्या अ‍ॅनाटॉमी विभागात 'आर्टिस्ट' म्हणून काढली. पुष्कळांना ठाऊक नसतं, पण असं पद असतं. तक्ते रंगवायचे, मॉडेल दुरुस्त करायची, म्युझियममधल्या नमुन्यांना नंबर घालायचे, ही कामं. हल्ली शहरात दवाखान्यांत, कॅफेत, कुणाच्या हॉलमध्येसुद्धा जुन्या युरोपियन शरीरचित्रांच्या प्रिंट फ्रेम करून लावलेल्या दिसतात. त्या सुंदरच आहेत. पण ही चित्रं कुणाच्या देहावरून काढली, हा प्रश्न कुणी विचारताना मला आढळलं नाही. चित्र आणि नमुना एकमेकांपासून तोडले की दोन्ही अर्धे राहतात, असं माझं ठाम मत आहे.

सोळाव्या शतकातल्या वेसालियस या शरीररचनातज्ज्ञापासून सुरुवात करू. त्याचा 'फाब्रिका' हा शरीररचनेचा ग्रंथ १५४३ साली बाझेलला ओपोरिनसच्या छापखान्यात छापला गेला. त्यातले कातडी सोललेले पुरुष टेकड्यांच्या मुलखात उभे आहेत, आणि स्नायूंची ती पानं ओळीनं मांडली की मागचा देखावा सलग जोडला जातो. लाकडी ठसे व्हेनिसमध्ये कोरून आल्प्सपलीकडे नेले होते. चित्रकार कोण यावर वाद आहेत; तिशियनच्या चित्रशाळेतल्या यान स्टेफान फान काल्कारचं नाव घेतलं जातं. त्याच वर्षी मे महिन्यात, पुस्तक छपाईत असताना, वेसालियसनं बाझेलमध्ये याकोब कारर नावाच्या देहदंड झालेल्या गुन्हेगाराचं जाहीर विच्छेदन केलं आणि सांगाडा जोडून विद्यापीठाला दिला. तो तिथल्या संग्रहालयात अजून उभा आहे. मूळ ठसे मात्र दुसऱ्या महायुद्धात म्युनिकवरच्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाले. पुस्तकातली चित्रं काररवरून काढलेली नाहीत, ती आधीच तयार होती. त्याला शिक्षा झाली म्हणून त्याचं नाव दप्तरी राहिलं. चित्रांतल्या माणसांची नावं पुस्तकात नाहीत.

मला सर्वांत जवळचं वाटतं ते लायडनच्या अल्बिनस या शरीररचनातज्ज्ञाचं काम, १७४७ चं. चित्रकार यान वांडेलार. अल्बिनसनं कामाची पद्धत लिहून ठेवली आहे, म्हणून ते जवळचं. सांगाडा दोऱ्यांनी ताणून उभा केला. ठेवण नैसर्गिक आहे ना हे ताडून बघायला एक सडपातळ माणूस शेजारी उघडा उभा केला. नमुना टिकावा म्हणून काम थंडीत चालायचं, तर हा जिवंत माणूस काकडू लागला आणि शेकोटी पेटवावी लागली! नमुन्यासमोर दोऱ्यांची एक जाळी, तिच्या अलीकडे दुसरी, एक-दशांश मापाच्या घरांची. दोन्हींच्या गाठी एकावर एक दिसतील अशा जागेवरून बघायचं आणि चौकटी आखलेल्या कागदावर उतरवायचं. आपल्याकडे सिनेमाचे बॅनर रंगवणारे चौकटी मारून छोटा फोटो मोठ्या कापडावर चढवायचे, तत्त्व तेच. ज्यांनी ते काम केलंय त्यांना वांडेलारची कंबर किती दुखली असेल हे कळेल.

तिसरं उदाहरण लंडनचं. विल्यम हंटर या डॉक्टरचा गरोदर गर्भाशयावरचा ग्रंथ, १७७४, मोठाली ३४ चित्रं. रेखाटनं प्रामुख्यानं यान फान रिम्सडाइकची, लाल खडूतली. एका चित्रात गर्भावरच्या ओल्या पडद्यावर खोलीच्या खिडकीचं प्रतिबिंब काढलंय. शिकवायला त्या खिडकीचा काडीचा उपयोग नाही. पण त्या दिवशी त्या खोलीत तो देह होता आणि त्याच्यावर उजेड पडला होता, याची ती साक्ष आहे. त्या देहांवरून घेतलेले प्लास्टरचे साचे आणि मूळ रेखाटनं ग्लासगोत जपलेली आहेत. ती बाई कोण होती हे पुस्तक सांगत नाही. आणि हंटरनं प्रस्तावनेत खोदकाम करणाऱ्या रॉबर्ट स्ट्रेंजचे आभार मानलेत, रिम्सडाइकचे नाहीत.

आता इथलं बोलतो. विभागात मी असताना एका नमुन्यावरून काखेतल्या नसांच्या (मज्जातंतूंच्या) जाळ्याचा, म्हणजे ब्रेकियल प्लेक्ससचा, तक्ता काढला होता. मीडियन नर्व्ह दोन मुळांनी बनते, ती काखेत एकत्र येतात. या माणसात ती बरीच खाली, दंडात जुळत होती. मी पुस्तकाप्रमाणे काढायला निघालो, तर सर म्हणाले, "पुस्तकातलं नको, समोर आहे ते काढा. सर्जनच्या सुरीखाली पुस्तक येत नाही." तेव्हा तो तक्ता एका ठरावीक माणसाच्या ठरावीक दंडाचा आहे. आता विभागात मोठ्या टचस्क्रीनवर आडवा माणूस बोटानं कापता येतो. कापडाच्या पाठीचे, लाकडी रूळ लावलेले तक्ते जिन्याखाली गेले, काहींना वाळवी लागली. बरण्या म्युझियममध्ये आहेत, पण कुठला तक्ता कुठल्या बरणीवरून काढला ते आता कोण सांगणार? मला याचा फार त्रास होतो. तुमच्याकडे काही माहिती, अनुभव, सूचना असतील तर लिहा.

वाचनवेडी

काका, काय सुंदर लिहिलंय. अल्बिनसच्या चित्रांत सांगाड्यामागे गेंडा चरताना दिसतो, तो आपल्याकडचा बरं का! क्लारा तिचं नाव. आई मारली गेल्यावर बंगालमध्ये डच कंपनीच्या एका अधिकाऱ्याच्या घरात पिल्लू म्हणून वाढली आणि १७४१ साली एका डच कप्तानानं तिला हॉलंडला नेलं. पुढे कित्येक वर्षं युरोपभर तिचे खेळ झाले. वांडेलारनं तिला प्रत्यक्ष बघून काढलं. म्हणजे त्या पानावर गेंड्याचं नाव आपल्याला माहीत आहे आणि माणसाचं नाही. हे लिहितानाही कसंतरी होतंय.

सातारकर

या धाग्यावर हेन्री व्हॅनडाइक कार्टरचं नाव यायलाच हवं. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' या हेन्री ग्रेच्या पाठ्यपुस्तकाची १८५८ ची पहिली आवृत्ती, त्यातली साडेतीनशेहून अधिक चित्रं या माणसाची. लंडनच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या शाळेत ग्रे आणि कार्टर मिळून विच्छेदन करायचे आणि कार्टर लाकडी ठोकळ्यावर थेट, तेही उलटं, चित्र काढायचा. रेघा ओढून बाहेर नावं लिहिण्याऐवजी त्यानं नावं स्नायूंवर, नसांवर, हाडांवरच लिहिली. आजही विद्यार्थी म्हणतात की ती चित्रं लक्षात राहतात, त्याचं कारण हे. ग्रेला प्रतींमागे मानधन होतं, कार्टरला एकरकमी दीडशे पौंड. शीर्षकपानाच्या प्रुफावर ग्रेनं कार्टरचं नाव बारीक टायपात करायला लावलं. आणि ते देह? १८३२ च्या कायद्यानं लंडनच्या दवाखान्यांतले आणि गरीबखान्यांतले बेवारस मृतदेह शाळांना मिळायचे, ते.

पुस्तक यायच्या आधीच कार्टर मुंबईला निघून आला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवली, पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता, नंतर ग्रँटचा प्राचार्य झाला. आमच्या गावात तो राहिला याचा मला अभिमान आहे, पण साताऱ्यात शंभर जणांना विचारलं तर एकालाही ठाऊक नसेल. इथं त्यानं 'मदुरा फूट'वर काम केलं. अनवाणी शेतात राबणाऱ्याच्या पायात बाभळीचा काटा जातो, त्यातून बुरशी शिरते, वर्षानुवर्षं पाय सुजत जातो, भोकं पडतात आणि त्यांतून काळे किंवा पिवळट दाणे बाहेर येतात. त्या काळी पाय कापण्यावाचून गत्यंतर नसे. कापलेले पाय चिरून, सूक्ष्मदर्शकाखाली बघून, त्याची रंगीत चित्रं कार्टरनं स्वतः काढली. १८७४ साली पुस्तक आलं. तेव्हा रेषाकार, तुमच्या यादीत एक ओळ आपल्या शेतकऱ्यांची घाला.

रेषाकार

सातारकर, तुमचे आभार कसे मानू! कार्टरची हाडांची चित्रं समोर ठेवून मी शाई घोटली आहे. मदुरा फूटच्या चित्रांची हकिकत मला नवीन आहे. कापलेला पाय बघून चित्र काढायचं आणि तो पाय ज्याचा आहे तो वॉर्डात पडलेला, जिवंत. बेवारस देहापेक्षा ही गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे विचारायला माणूस होता.

स्टेथो

पॅथॉलॉजीवाली आहे, कोल्हापुरातच. बरण्यांबद्दल थोडं, कारण चित्रकाराची गरज का पडत होती ते त्यावरून कळतं.

नमुने टिकवायला फॉर्मॅलिनचा उपयोग होतो हे ब्लूम या जर्मन डॉक्टरनं १८९३ साली दाखवून दिलं. त्याआधी मुख्यतः दारू, म्हणजे स्पिरिट. स्पिरिटमध्ये ऊतक आक्रसतं आणि पांढरं पडतं. फॉर्मॅलिननं आकार बरा टिकतो, पण रंग मातकट होतो. काळीज, फुप्फुस, मूत्रपिंड सगळं एकाच करड्या रंगाचं. मग कायझरलिंगची पद्धत आली: आधी फॉर्मॅलिनमध्ये घट्ट करायचं, मग स्पिरिटमध्ये घालून रंग परत आणायचा, शेवटी ग्लिसरीनच्या द्रावणात ठेवायचं. आमच्या बरण्या अजून त्याच पद्धतीच्या आहेत. नमुना काचेच्या किंवा अ‍ॅक्रिलिकच्या पट्टीला नायलॉनच्या दोऱ्यानं बांधतात, झाकण सील करतात. तरी काही वर्षांनी द्रव पिवळा पडतो, पातळी उतरते, वरचा भाग उघडा पडून सुकतो. दर काही वर्षांनी बरणी उघडून द्रव बदलला नाही तर नमुना गेला. हे काम करणारे अटेंडंट निवृत्त होतायत आणि जागा भरत नाहीत.

म्हणून ताज्या रंगाचं चित्र हाच त्या अवयवाचा खरा दस्तऐवज होता. लाल धमनी, निळी शीर, पिवळी नस हा तर निव्वळ संकेत. रेषाकारांसारखी माणसं त्यापलीकडे जाऊन ऊतकाची चकाकी, पडद्याचा पातळपणा दाखवायची. फोटोत हे सहसा येत नाही, सगळं ओलं आणि सारखं दिसतं.

जाता जाता: अ‍ॅमस्टरडॅमच्या फ्रेडरिक राउशनं सतराव्या शतकाच्या अखेरीस रक्तवाहिन्यांत रंगीत मेण भरून नमुने इतके जिवंत केले की १७१७ साली रशियाचा झार पीटर द ग्रेट यानं सगळा संग्रह तीस हजार गिल्डरला विकत घेतला. त्यातले शेकडो नमुने सेंट पीटर्सबर्गला आजही आहेत. लहान बाळांच्या हातांना लेस लावलेली आहे. त्याची मुलगी राखेल राउश, फुलांची चित्रं काढणारी फार मोठी चित्रकार, तिनं या सजावटीत हातभार लावला असं सांगतात.

तालमीतला

मी काय डॉक्टर न्हाई का चित्रकार न्हाई. पण बोलल्याशिवाय राहवंना.

आमचे आजोबा तालमीत वस्ताद होते. खासबागेत लढलेला गडी. म्हातारपणी अंग वाळलं तरी खांदं तसंच. त्यांनी जित्तेपणी फॉर्म भरून ठिवला हुता, देहदान करायचं म्हणून. घरात लई आरडाओरडा झाला. आत्या म्हणाली, अग्नी न्हाई दिला तर कसं? आजोबा म्हणालं, आयुष्यभर ह्या अंगावर मेहनत केली, ती पोरांना शिकायला येऊ दे, राख करून पंचगंगेत काय सोडताय. आम्ही दिलं. दहावा घरात फोटो ठेवून केला.

आता कुणी त्यांच्या दंडाचं चित्र काढलं असंल, कुठल्या बरणीत काय असंल, आम्हाला काय म्हाईत न्हाई. कॉलेजनं पावती दिली, सर्टिफिकेट दिलं, मानानं वागवलं. पर रेषाकार काका, तुम्ही म्हणता तसं चित्राखाली नाव असावं असं मला लई वाटतं. शिकणाऱ्या पोराला कळू दे की हा दंड वस्तादाचा हाय, डंबेल्सचा न्हाई, जोर-बैठकांचा हाय.

वाचनवेडी

दादा, वाचून डोळे भरून आले. आजोबांना नमस्कार.

कागलकर_वकील

भावना समजतात, पण नावाबद्दल माझं मत वेगळं आहे. आपल्याकडे हे सगळं १९४९ च्या महाराष्ट्र (पूर्वीच्या मुंबई) अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्टखाली चालतं. त्यात दोन्ही येतात, बेवारस देह आणि दान केलेले देह. दात्यानं स्वेच्छेनं दिलं, त्याच्या वारसांची हरकत नसेल तर नाव लावणं समजू शकतो. पण बेवारस माणसानं कुठे होकार दिला होता? पोलिसांच्या पंचनाम्यात कधी नाव असतं, कधी नसतं. पुढे एखाद्या नातेवाइकाला आपल्या माणसाचं नाव बरणीवर सापडलं तर त्याला काय वाटेल? शरीर ही खाजगी गोष्ट आहे आणि मेल्यानंतरही तिला आडोसा असावा. लंडनमध्ये चार्ल्स बर्न म्हणून एक सात फुटांवरचा आयरिश माणूस १७८३ साली वारला. आपला देह सर्जनांच्या हाती पडू नये म्हणून समुद्रात बुडवा असं तो सांगून गेला होता. विल्यम हंटरचा भाऊ, सर्जन जॉन हंटर यानं पैसे चारून देह मिळवला आणि सांगाडा दोनशेहून अधिक वर्षं बर्नच्या नावानिशी प्रदर्शनात राहिला. २०२३ साली लंडनचं हंटेरियन म्युझियम पुन्हा उघडलं तेव्हा तो प्रदर्शनातून काढला. नाव असणं म्हणजे सन्मान, असं सरसकट म्हणता येत नाही.

रेषाकार

वकीलसाहेब, बर्नचं उदाहरण बिनतोड आहे. त्याच्या बाबतीत होकार नव्हता, उलट स्पष्ट नकार होता, आणि नावाचा उपयोग तमाशासाठी झाला. पण म्हणून नोंदच नको, हे मला पटत नाही. बरणीवर नाव लावणं वेगळं आणि रजिस्टरमध्ये असणं वेगळं. देह दान होता की बेवारस, कुठून आला, कुठल्या साली आला, त्यावरून कोणतं चित्र झालं, एवढं तरी कपाटातल्या वहीत असलंच पाहिजे. ते नसलं की काय होतं, त्याचं सर्वांत भयानक उदाहरण व्हिएन्नाचं आहे. डॉक्टर, तुम्ही पेर्नकॉप्फबद्दल लिहाल का? तुमच्याकडून ते नीट येईल.

स्टेथो

लिहिते, जड आहे.

एडुआर्ड पेर्नकॉप्फचा शरीररचनेचा अ‍ॅटलास, पहिला खंड १९३७. चित्रकार लेपियर, श्रॉट, एंड्ट्रेसर, बाट्के. माझ्या सर्जन मैत्रिणी सांगतात, हाता-पायांतल्या बारीक नसा इतक्या स्पष्ट दुसरीकडे बघायला मिळत नाहीत. पेर्नकॉप्फ कट्टर नाझी. १९३८ साली व्हिएन्ना विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेचा डीन झाला आणि शाखेतल्या बहुसंख्य अध्यापकांना, मुख्यतः ज्यूंना, हाकलून दिलं गेलं. लेपियरनं काही चित्रांवर सहीत स्वस्तिक काढलं. दुसऱ्यांच्या सहीत एस.एस. या नाझी संघटनेची खूण. पुढच्या आवृत्त्यांत त्या खुणा घासून काढल्या आणि पुस्तक दिमाखात विकलं गेलं. नव्वदच्या दशकात हॉवर्ड इस्राएल या अमेरिकन दंतशल्यचिकित्सकानं आणि कॅनडाच्या विल्यम सायडलमननं जोर लावल्यावर विद्यापीठानं चौकशी केली. १९९८ चा अहवाल सांगतो की त्या काळात किमान १३७७ फाशी दिलेल्या माणसांचे देह तिथल्या अ‍ॅनाटॉमी संस्थेत आले, त्यांत राजकीय विरोधक पुष्कळ होते. कुठलं चित्र कोणाचं, हे बहुतांश वेळा सांगता येत नाही.

मग ते पुस्तक वापरायचं का? २०१७ साली रब्बी (ज्यू धर्मगुरू) जोसेफ पोलाक यांनी 'व्हिएन्ना प्रोटोकॉल' मांडला: जीव वाचवण्यासाठी वापरायला हरकत नाही, पण ही चित्रं कशी आली ते रुग्णाला सांगितलं पाहिजे. मला हे योग्य वाटतं. ऑपरेशनच्या आधी असं काही सांगायला सर्जनला वेळ कुठे, असं लोक म्हणतात. दोन वाक्यं सांगायला किती वेळ लागतो?

पेठेतला_मुलगा

एमबीबीएस फर्स्ट इयर. आम्हाला डिसेक्शन सुरू व्हायच्या आधी शपथ दिली, देह हा आपला पहिला गुरू म्हणून. त्या दिवशी सगळे गंभीर होते. नंतर फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरायला लागले की लक्ष फक्त नसेकडे आणि व्हायव्हाकडे (तोंडी परीक्षेकडे) जातं. आमच्या टेबलवरच्या देहाबद्दल आम्हाला वय आणि स्त्री-पुरुष एवढंच माहीत आहे. रेषाकार काकांच्या तक्त्यासारखं काही म्युझियममध्ये बरणीशेजारी लावलेलं असतं तर मी जास्त थांबलो असतो. स्क्रीनवर सगळे दंड सारखे असतात.

वाचनवेडी

सुश्रुतसंहितेचा उल्लेख राहून गेला. शारीरस्थानात पद्धत दिली आहे: विषानं किंवा दीर्घ आजारानं न मेलेला देह घ्यायचा, आतडी स्वच्छ करून मुंज, ताग वगैरेत गुंडाळायचा, पिंजऱ्यात घालून संथ पाण्यात आडोशाला ठेवायचा, सात रात्रींनी काढून वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंच्यानं हळूहळू घासत थर बघत जायचं. चाकूऐवजी कुंचला! ग्रंथात चित्रं मात्र नाहीत.

सातारकर

आणि आधुनिक काळात कलकत्त्याला मधुसूदन गुप्तांनी १८३६ साली विच्छेदनासाठी हातात सुरी घेतली. जातीच्या रोषाची पर्वा न करता. पण मूळ मुद्द्यावर येऊ या. कोल्हापूर ही आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांची कलानगरी. इथं चित्राची किंमत कळणारी माणसं खंडीभर आहेत. शरीराचे तक्ते जिन्याखाली पडलेत तर काहीतरी करा.

स्टेथो

मी विभागप्रमुखांशी बोलले. रेषाकार, तुम्ही यायला तयार असाल तर तक्ते बाहेर काढायला परवानगी मिळेल. अटी: नमुन्यांचे फोटो काढायचे नाहीत आणि काही ऑनलाइन टाकायचं नाही. तक्त्यांचे फोटो चालतील. वाळवीसाठी आधी औषध मारून, सावलीत वाळवून मगच उलगडायचे.

रेषाकार

येतो! कधी ते कळवा. एक विनंती, कोरी जाड बांधणीची रजिस्टरं दोन आणवून ठेवा. रकाने असे करू: तक्ता क्रमांक, विषय, चित्रकार, साल, बरणी क्रमांक, देह दान की बेवारस, विभागाच्या वहीतला देहाचा क्रमांक, नमुन्यात काही वेगळं असेल तर ते. दात्याच्या नावाचा रकाना वेगळ्या रजिस्टरमध्ये, ते विभागप्रमुखांच्या कपाटात. वकीलसाहेबांचा मुद्दा त्यानं सांभाळला जाईल. वारसांनी लेखी संमती दिली तरच नाव तक्त्यावर.

माझ्या हातच्या तक्त्यांच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बरणीचा नंबर घातलेला असायचा, पुसट असला तरी तिरप्या उजेडात वाचता येईल. माझ्या आधीच्या आर्टिस्टचे तक्ते ओळखायला वेळ लागेल. ते नसांना पिवळ्यात किंचित हिरवा मिसळायचे, त्यावरून बरेचसे मी सांगू शकेन.

तालमीतला

काका, मी बी येतो. रूळ उचलायला, औषध मारायला माणूस लागंल. आजोबांच्या संमतीचं कागद घरात हायती, आणि वडलांची सही घेऊन येतो.

पेठेतला_मुलगा

आमच्या बॅचचे चार-पाच जण येऊ शकतात, शनिवारी दुपारनंतर.

स्टेथो

शनिवार दुपार ठरलं. मास्क आणि हातमोजे मी देते. तक्ते उलगडायला लांब टेबलं लागतील, ती डिसेक्शन हॉलऐवजी लायब्ररीच्या मागच्या खोलीत लावून घेते, तिथं उजेड चांगला आहे.